शेजारच्या शेततळ्याचा भराव फुटला, भरपाई कोणी द्यायची?

वाचकाचे पत्र: आमच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांचे प्लास्टिक अस्तराचे शेततळे आहे. ते विहिरीवरच्या मोटारीने भरतात. आठ दिवसांपूर्वी रात्री परतीचा पाऊस चालू असताना आमच्या बाजूचा भराव फुटला आणि पाणी थेट शेतात घुसले. रांगडा कांदा लावून महिना झाला होता. तो एक एकर गेला. ठिबकच्या नळ्या वाहून गेल्या, दहा गुंठ्यांवरची माती खरवडून गेली, विहिरीत गाळ उतरला. त्या रात्री लाईट आली तशी त्यांची मोटार ऑटोवर सुरू झाली आणि पहाटेपर्यंत चालूच होती, असे त्यांच्याच गड्याने सांगितले. शेजारी म्हणतात, पाऊस देवाने पाडला, तळे ठेकेदाराने बांधले, सरकारने अनुदान देऊन मंजूर केले, यात माझा काय दोष? मागचे दोन उन्हाळे आम्ही त्यांच्याकडून पैसे देऊन पाणी घेतले, तेही आता ऐकवतात. सरपंच वीस हजारांवर मिटवा म्हणतात, कागदही तयार आहे. पुन्हा पाणी येऊ नये म्हणून सासरे बांधावर मातीची उंच ताल घालायला निघाले आहेत. जमीन माझ्या नावावर आहे. काय करावे?

उत्तर: ताई, बाकीचे सावकाश वाचा, पण फुटलेला भराव आहे तसा आजच टिपून ठेवा. शेजारी दोन-चार दिवसांत जेसीबी लावून तो बुजवतील. तो त्यांचा हक्कच आहे, आणि बुजवला की तुमचा सगळ्यात मोठा पुरावा मातीखाली जाईल.

बांधावर तुमच्या बाजूला उभे राहून फोटो आणि व्हिडिओ घ्या. फटीत मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी धरा, म्हणजे फटीची रुंदी आणि खोली दिसेल. आतल्या प्लास्टिकवर पाण्याच्या कमाल पातळीची गाळाची रेघ राहते. ती रेघ भरावाच्या माथ्यापासून किती खाली आहे, हे टिपायला विसरू नका. भरावातून पाइप गेला असेल तर त्याच्या कडेची माती, प्लास्टिक फाटलेले असेल तर ती जागा, उंदरांची किंवा खेकड्यांची बिळे, आणि जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा आहे की नाही, हे सगळे टिपा. त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय पाय ठेवू नका. मूळ फायली त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची नोंद पुसली जाते. कोर्टात मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावे लागते. ते वकील तयार करून घेतील, पण मूळ फाइल जागेवर हवी.

दुसरी घाई पंचनाम्याची. तलाठी आणि कृषी सहाय्यक पंचनाम्याला आले की बहुतेक वेळा अतिवृष्टीच्या मदतीचा छापील तक्ता भरतात आणि नुकसानीच्या कारणात ‘अतिवृष्टी’ लिहून मोकळे होतात. हाच कागद पुढे शेजाऱ्यांचा वकील कोर्टात दाखवतो. म्हणून कारणाच्या रकान्यात ‘गट क्रमांक अमुक मधील शेततळ्याचा भराव फुटून आलेल्या पाण्याने’ असे लिहून घ्या. गाळाचा थर किती सेंटिमीटर, क्षेत्र किती आर, विहिरीतला गाळ किती फूट, हे आकडे यायला हवेत. पंचनामा आधीच झाला असेल आणि कारण चुकीचे पडले असेल, तर तहसीलदारांकडे लेखी हरकत देऊन पोच घ्या.

आता कायदा. ज्याने स्वतःच्या सोयीसाठी आपल्या जमिनीत अशी वस्तू आणून साठवली की जी सुटली तर शेजाऱ्याचे नुकसान करील, त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळायची; ती सुटली तर त्याची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. हा नियम ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या इंग्लंडमधल्या खटल्यातला, आणि खटलाही पाण्याच्या तळ्याचाच. लँकेशायरमधल्या एका गिरणीमालकाने ठेकेदाराकडून तळे बांधून घेतले. तळाशी जुन्या खाणीच्या बुजलेल्या विवरांची तोंडे लागली, ठेकेदाराने ती नीट बंद केली नाहीत, तळे भरताच पाणी खाली उतरून शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाला विवरांची कल्पनाही नव्हती. तरी 1868 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, त्यालाच जबाबदार धरले. याला कडक दायित्व म्हणतात आणि भारतातली कोर्टेही हे तत्त्व मानतात. त्यामुळे ‘ठेकेदाराने बांधले’ हे उत्तर तुमच्यापुढे चालत नाही. ठेकेदाराकडून वसुली करायची तर ती शेजाऱ्यांनी स्वतंत्रपणे करावी.

पण फक्त या नियमावर विसंबून दावा लावू नका. अनेक नोटिसांचा पाया इथेच कच्चा राहतो. हा नियम जमिनीच्या ‘अनैसर्गिक’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या आणि जादा धोका आणणाऱ्या वापराला लागू होतो. आपल्याकडे शेतीसाठी पाणी साठवणे हा नेहमीचाच वापर नाही का, असा प्रश्न समोरचा वकील नक्की काढणार. त्याच्या हाताशी दोन निकाल आहेत. 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी राजवटीतले लंडनमधले शेवटच्या अपिलाचे कोर्ट) मद्रास रेल्वेच्या दाव्यात जमीनदाराचे जुने तलाव फुटल्याबद्दल त्याला जबाबदार धरले नाही, कारण तलाव राखणे हे त्याचे लोकोपयोगी कर्तव्य होते आणि निष्काळजीपणा दिसला नाही. पुढे सुप्रीम कोर्टाने ‘पंजाब सरकार विरुद्ध मॉडर्न कल्टिव्हेटर्स’ (ए.आय.आर., म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, 1965 सुप्रीम कोर्ट 17) मध्ये कालव्यासाठी जमीन वापरणे हा साधा वापर मानला, म्हणून कडक दायित्वाचा नियम लावला नाही.

दुसऱ्या निकालाचा पुढचा भाग मात्र तुमच्या कामाचा आहे. कालवा फुटलेल्या त्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, ती निष्काळजीपणाच्या आधारावर. नीट राखलेला कालवा आपोआप फुटत नाही. तो ज्याच्या ताब्यात होता त्यानेच कारण सांगावे, आणि सांगता आले नाही तर निष्काळजीपणा गृहीत धरावा, असे कोर्टाने धरले. शेततळ्याच्या भरावालाही हाच युक्तिवाद लागू पडतो. मोटार किती वाजता सुरू झाली, पातळी कुठवर होती, भराव शेवटचा कधी पाहिला, हे फक्त शेजाऱ्यांनाच ठाऊक. आणि जी गोष्ट एकट्यालाच ठाऊक ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर, असे साक्ष्य अधिनियमाचे कलम 109 सांगते.

म्हणून दाव्यात तीन आधार पर्यायाने मांडा: कडक दायित्व, निष्काळजीपणा आणि उपद्रव (म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीच्या वापरात आणलेला त्रास). पहिला ढासळला तरी दुसरा उभा राहतो. नोटिशीत कोणी ‘एम. सी. मेहता’ खटला घालू लागले तर थांबवा. दिल्लीतल्या ऑलियम वायुगळतीनंतर 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलेले निरपेक्ष दायित्व, म्हणजे कोणताच बचाव न चालणारी जबाबदारी, घातक उद्योगांसाठी आहे. शेततळ्याच्या नोटिशीत ते आले की नोटीस वजनदार दिसते, पण वाचणाऱ्या वकिलाला तुमची तयारी कच्ची आहे हे लगेच कळते.

आता ‘देवाने पाडला’ या बचावाकडे. कडक दायित्वातून सुटायचे तर ती घटना माणसाच्या अंदाजापलीकडची असावी लागते. 1876 च्या ‘निकल्स विरुद्ध मार्सलँड’ मध्ये कृत्रिम तळी अभूतपूर्व पावसाने फुटली आणि मालकीण सुटली, पण तो पाऊस कोणाच्या आठवणीत नसलेला होता. परतीचा पाऊस दर वर्षी येतो. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की शासन अतिवृष्टी धरते. हा निकष मदतीसाठीचा आहे, दैवी घटनेचा नाही. तुमच्या मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची त्या तारखेची आणि मागच्या दहा-पंधरा वर्षांतल्या त्याच पंधरवड्याची नोंद मिळवा. तेवढाच पाऊस आधी दोनदा-तीनदा झालेला निघाला की हा बचाव बराच लंगडा होतो.

त्याहून पक्का पुरावा हिशेबाचा. भराव चहूकडून वर असलेल्या तळ्यात आजूबाजूचे पाणी येत नाही, फक्त त्याच्या तोंडावर पडलेला पाऊस साठतो. समजा तळे 30 × 30 × 3 मीटर आहे आणि बाजूंचा उतार एकास एक (मीटरभर खोलीला मीटरभर आत). रात्रभरात 80 मिलिमीटर पाऊस झाला तर पातळी साधारण 8 सेंटिमीटर वाढेल. मोटार तासाला 25 हजार लिटर देत असेल आणि आठ तास चालली असेल, तर 2 लाख लिटर आत आले. भरत आलेल्या तळ्यात त्याने पातळी सुमारे 22 सेंटिमीटर चढते. म्हणजे पावसाच्या जवळपास तिप्पट पाणी मोटारीचे. आणि भरावाच्या माथ्याखाली अर्धा मीटर मोकळा सोडला असता तर दोन्ही मिळूनही पाणी माथ्यावरून गेले नसते. प्लास्टिकवरची रेघ टिपायला सांगितली ती यासाठी.

किती पाणी सुटले हेही काढता येते, कारण ‘एवढे पाणी आमच्या तळ्यात नव्हतेच’ हे ठरलेले वाक्य आहे. या मापाच्या तळ्याची पूर्ण क्षमता 2,196 घनमीटर, पण जमिनीच्या पातळीखालचे पाणी फुटल्यावरही आतच राहते. भराव जमिनीपासून दीड मीटर उंच असेल तर बाहेर येणारे पाणी साधारण 1,220 घनमीटर, म्हणजे 12 लाख लिटर. ते एक एकरावर सारखे पसरले तर फूटभर उभे राहील. हा हिशेब तळ्याची खरी मापे घेऊन स्थापत्य अभियंत्याकडून सहीनिशी करून घ्या. भराव माथ्यावरून पाणी जाऊन फुटला, की पाइपच्या कडेने आतून पोखरला गेला, की प्लास्टिक फाटून काळ्या मातीच्या भेगांतून पाणी मुरले, हेही त्याने लिहावे. पहिल्यात चूक भरण्याची, बाकी दोन्हींत बांधणीची आणि देखभालीची.

मोटारीबद्दल सांगणाऱ्या गड्यावर एकट्यावर अवलंबून राहू नका; तो त्यांच्याकडे कामाला आहे, उद्या शब्द फिरवील. त्या फीडरवर त्या रात्री थ्री-फेज वीज किती ते किती वाजता होती, याची माहिती वीज कंपनीच्या कार्यालयाकडे लेखी मागा. ऑटो स्विच चालू ठेवून आणि पातळी पाहणारा फ्लोट न बसवता रात्री मोटार सोडून देणे, याला निष्काळजीपणा म्हणायला कोर्टाला फार वेळ लागू नये.

अनुदानाचा मुद्दा एवढाच: पैसे मिळाले म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. कायद्यानेच एखादे काम करायला सांगितले असेल तर बचाव मिळू शकतो. अनुदानाची योजना तसे काही सांगत नाही. उलट अनुदानामुळे तुमचा फायदाच होतो, कारण तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे मंजूर आराखडा, मोजमापे आणि काम पूर्ण झाल्याचे फोटो असतात. माहिती अधिकारात ते मागा: फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. तिसऱ्या व्यक्तीची माहिती म्हणून नाकारले तर दाव्यात कोर्टामार्फत मागवता येईल. मंजुरी अर्ध्या मीटरच्या भरावाची आणि जागेवर दीड मीटर, असे काही निघाले तर त्यांच्या चुकीचा पुरावा शासकीय कागदावरच मिळेल.

तुमच्या बाजूने नाजूक मुद्दा एकच, तुम्ही घेतलेले पाणी. साठवण दोघांच्या सामायिक फायद्याची असेल आणि नुकसान सोसणाऱ्याची तिला संमती असेल, तर कडक दायित्व लागत नाही. 1871 च्या ‘कार्स्टेअर्स विरुद्ध टेलर’ मध्ये छपरावरचे पाणी गोळा करणारी पेटी उंदराने कुरतडली, खालच्या भाडेकरूचा माल भिजला. पेटी दोघांच्याही सोयीची म्हणून मालक सुटला. तुमचे तसे नाही. तळे त्यांनी स्वतःसाठी बांधले, तुम्ही ठरावीक पाळ्या विकत घेतल्या, भरण्यावर तुमचा ताबा नव्हता. शिवाय पाणी घेण्याला संमती होती, भराव कच्चा ठेवण्याला नव्हती, म्हणून निष्काळजीपणाच्या आधाराला या बचावाने धक्का लागत नाही. पण हे वकिलापासून लपवू नका, दाव्यात स्वतःहून मांडा. पाण्याच्या पैशांच्या ऑनलाइन नोंदी असतील तर त्या जोडा. विक्री होती, भागीदारी नव्हती, हे त्यातून दिसते.

सासऱ्यांना मात्र आजच थांबवा. वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडलेले पावसाचे पाणी आपल्या वाटेने खाली येणार आणि खालच्याने ते येऊ द्यायचे, हे सुविधाधिकार अधिनियम 1882 च्या कलम 7 मध्ये उदाहरणासह आहे. ताल घालून ते अडवले आणि पाणी वरच्या शेतात तुंबले, तर शेजारीच मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाऊन अडथळा काढायचा आदेश आणतील, आणि भरपाईच्या दाव्यात तुम्हीच गुन्हेगार दिसाल. तुमची तक्रार साठवून सुटलेल्या पाण्याबद्दल आहे. पावसाच्या पाण्याबद्दल नाही. हा फरक नोटिशीतही स्पष्ट लिहा, नाहीतर ‘पाणी वरून खालीच येणार’ एवढ्यावर उत्तर संपवतील.

नुकसानीचा आकडा अंदाजाने फुगवू नका. कांद्यासाठी तुमच्या गेल्या दोन-तीन हंगामांच्या बाजार समितीच्या पट्ट्या काढा, त्यावरून अपेक्षित उत्पन्न धरा आणि त्यातून काढणी, भरणी, वाहतूक असा न झालेला खर्च वजा करा. ई-पीक पाहणीत कांद्याची नोंद झाली होती का ते बघा. नसेल तर रोपांची, खतांची बिले आणि लागणीच्या मजुरीचा हिशेब गोळा करा. ठिबकच्या नळ्यांचे जुने बिल आणि नव्याचे कोटेशन, दोन्ही हवीत, कारण वापरलेल्या नळ्यांची घट कोर्ट धरेल. मातीचे गणित असे: दहा गुंठे म्हणजे सुमारे 1,012 चौरस मीटर, सरासरी 15 सेंटिमीटर थर गेला असेल तर 152 घनमीटर, म्हणजे साधारण 54 ब्रास. तेवढी माती आणून पसरवण्याचे लेखी दरपत्रक घ्या. विहिरीचा गाळ काढण्याचे वेगळे. रान पडीक ठेवून ‘नुकसान वाढू दे’ म्हणू नका. जमेल ते पुन्हा लावा, पावत्या ठेवा. शासनाची मदत मिळाली तर तीही दाव्यात उघड सांगा.

सरपंचांच्या कागदावर सही करू नका. त्यात ‘यापुढे माझी काही तक्रार राहिली नाही’ असे वाक्य असणार, आणि सही झाली की वीस हजारांवर विषय संपला. पैशांची निकड असेल तर ‘भरपाईपोटी आगाऊ उचल, उर्वरित हक्क राखून’ असे लिहून तेवढेच घ्या. तडजोड वाईट नाही. शेजार कायमचा असतो. पण ती लोकअदालतीत करा. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो, आणि शेजाऱ्यांनी पैसे थकवले तर थेट वसुली लावता येते. दावा दाखल करण्याआधीही प्रकरण तिथे नेता येते. स्त्री म्हणून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 खाली, उत्पन्न कितीही असले तरी तुम्हाला मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय कोर्टाच्या आवारातच असते.

तडजोडीत नुसता आकडा घालू नका. भराव थराथराने दाबून पुन्हा बांधणे, तुमच्या शेताकडे न वळणारा सांडवा काढणे, माथ्याखाली अर्धा मीटर मोकळा ठेवण्याची रंगीत खूण, मोटारीला फ्लोट स्विच, आणि हे होईपर्यंत तळे जमिनीच्या पातळीच्या वर न भरणे, या अटी तारखांसह लिहून घ्या.

नाही जुळले तर वकिलामार्फत नोटीस पाठवा, पोच मिळेल अशा टपालाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. खासगी माणसाविरुद्ध नोटीस सक्तीची नसते. सरकारला विनाकारण प्रतिवादी केले तर मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस मागे लागते, म्हणून कृषी खात्याला ओढू नका. दावा जमीन ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथे चालेल. मुदत तीन वर्षांची धरा, पण तेवढी वाट पाहू नका. दाव्यासोबत दोन अर्ज हवेत: त्याच संहितेच्या आदेश 39 खाली, सुरक्षित केल्याशिवाय तळे पुन्हा न भरण्याचा तात्पुरता मनाई हुकूम, आणि आदेश 26 नियम 9 खाली, जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर. शेजाऱ्यांनी भराव बुजवण्यासाठी जेसीबी सांगितलाच असेल, तर नोटिशीची मुदत संपायची वाट न पाहता हे दोन्ही अर्ज आधी टाका. कमिशनरने मापे घेतली की मग त्यांनी भराव बुजवला तरी तुमचे काही बिघडत नाही.